खालच्या बांधीतला खड्डा

१८ नोव्हेंबर
विभागप्रमुख सरांनी आज स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, तुमचं माहेर आमगावकडचं ना? शेत असेलच." नसायला मी काय आभाळातून पडले?

आमच्या मृदाशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेचं अधिवेशन नागपुरात आहे आणि एक दिवसाची शेतभेट आमच्या कॉलेजच्या गळ्यात पडलीय. पाहुण्यांना धानाच्या जमिनीचे थर दाखवायचे. म्हणजे माणूसभर खोल खड्डा, त्याची एक भिंत सुबक तासलेली. शेत द्यायला कुणी तयार नाही. सरांना माझं माहेर आठवलं, मला संस्थेची फेलोशिप आठवली. यंदा नाव पुढे करणं त्यांच्याच हातात. दोघंही एकमेकांकडे बघून गोड हसलो.

२३ नोव्हेंबर
गावी. दादा धानाच्या चुरण्यात, मळणीत गुंतलेला, अंगभर कुसळं. सांगितलं तर म्हणे, "खड्डा कायले? मुरदा गाडून राहिले का?" वहिनी खो खो हसली. मग म्हणाला, "धुऱ्याच्या बाजूनं खंदा. बांधीच्या मधात नोको."

सरांना तिथूनच फोन. "छे छे, मधोमधच. बांधाच्या कडेची माती खरं चित्र दाखवत नाही."

पोरांना मी दरवर्षी वर्गात शिकवते: धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी होऊन वीतभर खाली एक घट्ट थर बसतो, पाणी तोच धरतो, तो फोडायचा नाही. सरांच्या तर नोट्समधूनच मी ते शिकले. फोनवर दोघांपैकी एकानेही विषय काढला नाही.

दादाला म्हटलं, "जसंच्या तसं भरून देऊ."
"तू म्हणतेस तं खंदा."

ठरली ती खालची बांधी, बोडीला म्हणजे शेतातल्या तळ्याला लागून. वरच्या सगळ्या बांध्या भेगाळल्या तरी हिच्यात पाणी. घरचा वर्षाचा तांदूळ हिच्यातला, मला येणारं पोतंही.

७ डिसें.
शेतभेट पार पडली. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर मंडळी अशी जेवली की बसमधून उतरवत नव्हतं. पण खड्डा देखणा झाला होता, हे मान्य. एक थोर माजी अध्यक्ष हौसेने आत उतरले, वर काढायला चौघे लागले.

दादाला शाल, श्रीफळ आणि 'माती वाचवा' लिहिलेली टोपी. त्याने ती लगेच घातली.

बंगलोरच्या एक मॅडम माझ्या कानाशी, "ये आपके सगे भाई हैं? लगता नहीं." मी म्हटलं, "हमारे यहाँ दिमाग लड़कियों को मिलता है." त्या हसल्या, मी हसले. दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला हिंदी येते. इथे गोंदियात धान विकायला येतो तो काय खाणाखुणा करतो?

भरायचं काम जेसीबीवाल्यावर सोपवलं. खालची माती खाली, वरची वर, एकेक थर दाबत, असं कुणीतरी उभं राहून करून घ्यायला हवं होतं. सर म्हणाले, "चला मॅडम, सत्काराला उशीर होतोय." मीही गेले. संध्याकाळी जेसीबीवाल्याचा फोन, "मैडम, सब बराबर कर दिया, पता भी नहीं चलेगा."

२ ऑगस्ट
बऱ्याच महिन्यांनी ही वही.

दादाचा फोन. रोवणी आटोपली, वरच्या सगळ्या बांध्या भरलेल्या, खालची तेवढी कोरडी. संध्याकाळी बोडीतून पाणी घेतो, सकाळी चिखल उघडा. "का वो, हे काय होऊन राहिलं? जल्मात असं नाही झालं."

तो "खालची" म्हणाला तेव्हाच मला कळलं. तोंडातून निघालं, "खेकडे असतील. धुऱ्याला बिळं पाडतात."
"एवढे?"
"यंदा फार झालेत. सगळीकडून तक्रारी आहेत."

कुठूनही नाहीत. फेलोशिपसाठीचं शिफारसपत्र सरांनी कालच पाठवलंय. आत्ता कुठे शेतकऱ्याची तक्रार उभी राहिली तर... राहू दे.

९ ऑगस्ट
वहिनीने आमगावच्या एसटीत कंडक्टरकडे पिशवी दिली. खेकडे! दादा पहाटेपासून बिळांत हात घालतो म्हणे, नांग्यांनी बोटं फाटलीत. "पन तुमच्यावानी शिकलेलं मानूस हाये म्हनून समजलं तरी," असं वहिनी.

रस्सा झणझणीत झाला. दोनदा भात घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर त्याचं कालवण.

१७ ऑगस्ट
बिळं बुजवून झाली तरी पाणी जातंच. दादाने आता शेजारच्या सदारामला धरलंय, तो रात्री धुरा फोडून पाणी आपल्या बांधीत घेतो म्हणून. तोंडातोंडी झाली, मग दादाने त्याच्या मुस्काटात मारली. दोघांची पाण्याच्या इंजिनची भागीदारी बापाच्या काळापासूनची. ती मोडली. इंजिन सदारामकडेच राहिलं.

दादाने विचारलं, "त्यानंच केलं असन ना?" मी म्हटलं, "सदाराम पहिल्यापासून तसलाच."

तो तसला नाही. दहावीला रोज मला सायकलवर बसवून त्याने आमगावला पोचवलंय. मला माझीच शिसारी आली, आणि तरी फोन ठेवल्यावर पहिला विचार हाच की बरं झालं, महिनाभर निभेल.

३० ऑगस्ट
निभलं नाही.

दादा म्हणाला, "सापडलं." जिथे जिथे पाणी जिरतं आणि धान पिवळं पडतं तिथे तिथे त्याने बांबूच्या काड्या रोवल्या. मग धुऱ्यावर उभं राहून पाहिलं. "चौकोन झाला वो. तुह्या मातीवाल्यांचा खड्डा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुले माहीत होतं?"

बोडीतला गाळ टाकू म्हटलं, दाबू, दरवर्षी नीट चिखलणी केली की थर पुन्हा धरतो.
"किती वर्सानं?"
वर्गात याचं उत्तर मी फार छान देते. तिथे उत्तर 'पिढ्या' असं आहे.
"अना मी खेकडे मारत बसलो," म्हणाला आणि फोन ठेवला. एक शिवी दिली असती तर माझं बरं झालं असतं.

२६ सप्टें.
फेलोशिप मिळाली. निवडपत्रात 'शेतकऱ्यांच्या सहभागातून मृदासंधारण' असं लिहिलंय. सरांनी पेढे वाटले, दोन मी खाल्ले. गावी कळवलं नाही. काय कळवू?

१६ ऑक्टो.
दादा कॉलेजात आला. सर केबिनमध्ये होते म्हणून मी त्याला लगबगीने गेटबाहेर टपरीवर नेलं. त्याच्या ते ध्यानात आलं. चहाला हात लावला नाही.

खालच्या बांधीत यंदा पोचट दाणेच जास्त. देवरी रस्त्यावरचा विटाभट्टीवाला माती मागतोय, कमरेइतकी खोल. एकदा नेली की तिथे शेत उरणार नाही, डबकं उरेल. सातबाऱ्यावर बापामागे दोघांची नावं, म्हणून माझी सही पाहिजे.

"दादा, वरची माती विकतात का कुठे? मी आयुष्यभर हेच सांगत..."
"मंग तूच पिकव तिच्यात. पानी थांबत नाही तं माती तरी कामी येऊ दे."
"ती आपली सगळ्यात चांगली बांधी."
"होती."

उठताना म्हणाला, "सदारामच्या पाया पडून आलो. भर चावडीत. तू कोनाच्या पडशीन, तुझं तू पाह्य. आयतवारी घरी येतो सहीले."

घरी. या फ्लॅटवर तो कधी आलेला नाही. मीच कधी बोलावलं नाही.

१८ ऑक्टो.
पुढच्या आठवड्यात नागपूरला फेलोशिपचा समारंभ. मंचावर प्रतिज्ञा घ्यायची आहे, मजकूर आला: भूमीचे रक्षण वगैरे. पाठ करतेय. सही दिली तर ही प्रतिज्ञा कुठल्या तोंडाने म्हणायची? नाही दिली तर दादाने त्या चाळणीत दरवर्षी घाम गाळायचा, माझ्या फेलोशिपची अब्रू राखायला. सरांना विचारलं. म्हणाले, "सही द्या, पण समारंभानंतर."

रविवार
सकाळपासून टेबलाशी. चहा तिसऱ्यांदा गरम केला. भाषण तयार करून ठेवलंय, माती पुन्हा कशी जिवंत होते त्यावर. खूप चांगलं झालंय. एकही वाक्य दादासमोर म्हणता येणार नाही असं.

आत्ता वॉचमनचा फोन. "मैडम, नीचे एक देहाती आदमी आया है. बोलता है आपका भाई है. है क्या? ऊपर भेजूँ?"

"एक मिनट" म्हटलंय.