शेवटी पोछा होतो का

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी दोन.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून नंदिनी लिहिणार. मला अक्षर येत नाही, तिला येतं. डोकं माझं. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तर म्हणते, आई, लिहायचं म्हणजे जरा नीट लिहा लागते. बरं, लिही नीट.

ही वही फक्त माझ्यासाठी. कोणी वाचायची नाही. नंदिनीनंही लिहायची, पण वाचायची नाही. तिनं हो म्हटलं.

विषय : नात जागृती. वर्ध्याच्या कॉलेजात शिकते, रोज देवळीहून बसनं जाते. हिमाचलात डोंगर चढायच्या कोर्सला तिचा नंबर लागला. सव्वीस दिवस. बर्फात. अठ्ठावीस तारखेची गाडी.

मी कोणाला अडवत नाही. एवढंच म्हटलं की बर्फात जायचं तर जॅकेट पाहिजे, आणि जॅकेट नीट कंपनीचं पाहिजे. जागृती म्हणाली, आजकाल सगळ्याच कंपन्या म्हणतात, आम्ही पर्यावरण राखतो. कोणती खरी, कोणती नुसती बोलाची, हे तूच तपास आजी. तू पास करशील त्याच कंपनीचं घेईन. तू नाई केली तर नाई घेत.

मी कबूल झाले. कंपनी पास झाली नाही तर जॅकेट नाही, जॅकेट नाही तर बर्फ नाही. हे माझं म्हणणं नाही, थंडीचं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

जागृतीनं माझ्या खाटेवरच्या भिंतीला दोन कागद चिकटवले. एक तक्ता. त्यात तीन कंपन्या. नावं इंग्रजी, म्हणून मी त्यांना चिन्हावरून ओळखते : बकरीवाली, कासववाली, पानवाली. कापड कशाचं, रंगाचं पाणी कुठं सोडतात, फाटलं तर शिवून देतात का, जुनं परत घेतात का, शिवणाऱ्या बाईला काय देतात, असे रकाने. रकाने चांगले आहेत. माझे रकाने मी वेगळे काढीन.

दुसरा कागद कोर्सवाल्या संस्थेनं पाठवलेली सामानाची यादी. तो माझ्या कामाचा नाही, पण गुळगुळीत आहे, चार रंगांचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आठ दिवसांत निकाल लावते.

८ नोव्हेंबर, शनिवार

बकरीवाली नापास.

ती म्हणते, आम्ही फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या वितळवून जॅकेट करतो. एका जॅकेटात अठ्ठावीस बाटल्या. मी म्हटलं, बाटली बाटली होती तेव्हा निदान दिसत होती, उचलता तरी येत होती. जॅकेट धुतलं की तिचे बारीक धागे पाण्यात जाणार, ते कोण उचलणार? जागृती म्हणाली, आजी, हे तर शास्त्रज्ञबी म्हणून राह्यले. म्हणत असतील. मी तीस वर्षं कापसाच्या जिनात रुई सरकवली आहे. बारीक धागा कुठं कुठं जातो हे माझ्या नाकाला विचारा.

थंडी सुरू झाली. जागृतीचे पाय रात्रभर गरम राहतात. माझे राहत नाहीत, म्हणून मी तिच्या पायांना लावून झोपते. याचा वरच्या विषयाशी संबंध नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

भरल्या घरात जागृतीनं विचारलं, आजी, तुह्यं लुगडं कायचं आहे वो?

पॉलिस्टरचं आहे. सातही पॉलिस्टरची आहेत. सुती लुगड्याला खळ घाला, वाळवा, ताणा, त्यापेक्षा हे झटकलं की झालं. नागसेन, माझा मुलगा, पेपरामागे तोंड लपवून हसत होता. पेपर उलटा होता असं नंदिनी सांगते.

संकल्प : उद्यापासून सुती.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी एक.

सुती नेसले. दहा वाजेपर्यंत त्याचा बोंगा झाला. उठले की फुगे, बसले की चुरगळे. बारा वाजता पॉलिस्टर. तपासणाऱ्याचं लुगडं तपासायचं नसतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

महत्त्वाचा दिवस.

भांडेवाली कांता आली. जुने कपडे घेते, भांडी देते. तीन लुगडी, एक पँट, की भात शिजवायचा एक मधला स्टीलचा गंज. माझ्या लग्नाच्या आधीपासून हा धंदा आहे, तेव्हा कांताची आजी यायची. या कंपन्या आता जुनं जॅकेट परत घेतात आणि वर टाळ्या वाजवून घेतात. देतात काय, तर कूपन. कूपनात भात शिजत नाही.

नागसेनचा जुना वाऱ्याचा कोट होता, तसल्याच गुळगुळीत कापडाचा. कांताला दाखवला. तिनं अंगठ्यानं चोळून पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाली, हे नाई घेत मी, बुढी माय. याचा पोछाबी होत नाई.

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. लुगडं जुनं झालं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की झोळी, झोळीचं हातपुसणं, हातपुसण्याचा पोछा, पोछाही गळला की चुलीत. असं कापड जगतं. ज्याचा शेवटी पोछा होत नाही ते कापडच नाही. माझा रकाना सापडला.

जागृतीला सांगितलं. ती म्हणाली, पण आजी, जॅकेट वॉटरप्रूफ असते. पाणी शोषलं तर ते जॅकेट कायचं? मी म्हटलं, तो कंपनीचा प्रश्न आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी मायलेकी हसत होत्या. टीव्ही बंद होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी तीन.

कासववालीला फोन लावला. एक पोरगी हिंदीत गोड बोलली. मीही हिंदीत विचारलं, बाई, तुम्हारा जॅकेट पुराना हुआ तो उसका पोछा बनता क्या? ती म्हणाली, मॅम, हमारा जॅकेट पूरा वॉटरप्रूफ है. मी म्हटलं, मग नाई बनत. ती म्हणाली, मैं सीनियर से पूछती हूँ. मग अकरा मिनिटं गाणं वाजलं. गाणं बरं होतं. गाण्यावर मी पास करत नाही.

जागृतीनं वाचून दाखवलं की कासववालीचं पाणी अडवणारं औषध जमिनीत गेलं की जन्मभर मरत नाही, म्हणून ती ते बंद करणार आहे. कधी, तर तीन वर्षांनी. तीन वर्षांनी या. आत्ता नापास.

दोन गेल्या. एक राहिली. तेरा दिवस राहिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पानवाली त्रास देते आहे.

फाटलं तर फुकट शिवून देते. जुनं परत घेते, धुऊन, ठिगळ लावून, कमी भावात दुसऱ्याला विकते, आणि ठिगळ लपवत नाही. शिवणाऱ्या बाईला कुठल्या गावात काय मिळतं ते छापते. आणि वर म्हणते, गरज नसेल तर आमचं घेऊ नका. असं म्हणणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. पोछ्याचं विचारलं, तर जागृतीनं मोबाइलात शोधून सांगितलं की त्या जुन्या जॅकेटांच्या तुकड्यांच्या पिशव्या करतात.

पिशवी म्हणजे पोछा नव्हे. पण पोछ्याच्या जवळची.

मला भूक नव्हती. नंदिनीनं भाजी खारट केली होती. (लिही. थांबू नको.)

२० नोव्हेंबर, गुरुवार

देव नसला तरी न्याय आहे. जागृतीच्या मोबाइलवर पानवालीचा मेसेज आला : नवा हंगाम, चौदा नवे रंग. मी म्हटलं, कमी घ्या म्हणते आणि चौदा रंग काऊन काढते? बर्फाला रंग दिसते का?

नापास. तिन्ही नापास. मी खूप प्रयत्न केला, पण जगच तसं आहे.

जागृतीनं एकदा विचारलं, आजी, मी जाऊ नको असं तुले वाटते का? मी म्हटलं, माझं काय वाटायचं, पर्यावरणाचं पाहा. तिनं तक्त्यात तीन फुल्या मारल्या. रागावली नाही. हे मला बरं वाटलं नाही. राग आला असता तर समजावलं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पोरगी आनंदात आहे. सकाळी उठून देवळीच्या मैदानाला दहा फेऱ्या मारते. जॅकेट नाही तरी. मला काहीतरी शिजताना दिसतं.

शंका आली म्हणून नंदिनीला वही वाचून दाखवायला लावली. सांगायला तीन आठवडे लागले, वाचायला सहा मिनिटं. खारट भाजी आलीच नाही. विचारलं तर म्हणते, आई, ते पान चिकटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

युक्ती सुचली. युक्ती नाही, निकाल.

पेटीत नत्थूचा कोट होता. नत्थू म्हणजे माझा नवरा, जागृतीचा आजोबा. पुलगावच्या मिलमध्ये थंडीत रात्रपाळी असायची, म्हणून मी मिलच्याच जाड कापडाचा, आत रुई भरून, हातानं टाके घालून शिवला होता. चाळीस वर्षं झाली. एका कोपराला हिरवं ठिगळ, दुसऱ्याला लाल. पाच बटणं, पाच जातींची. कापूस इथला, मिल इथली, शिवणारी मी, दुरुस्ती मी, जुना झाला तर पोछा होतो. सगळे रकाने भरले. कंपनीचं नाव अन्नपूर्णा, म्हणजे मी. पास. पहिला नंबर.

परीक्षक आणि कंपनी एकच कशी, असं नागसेननं विचारलं. त्याला चहा करायला पाठवलं.

खरं म्हणजे कॉलेजात जाणारी पोरगी हे ध्यान घालून आगगाडीत बसणार नाही. लाजेल. म्हणेल, राहू दे आजी, नाई जात. मग मी म्हणेन, तुझी मर्जी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिनं कोट घातला. आरशात पाहिलं. खिशात आजोबाची अडकित्त्यानं कातरलेली सुपारी सापडली, दगडासारखी. ती हुंगली. म्हणाली, आजी, असा कोट पूर्ण हिमाचलात कोणापाशी नसन. आणि घडी करून सामानात ठेवला.

मी टाके तपासायला म्हणून परत मागितला. रुई थोडी सरकली होती, ती सारखी केली. बटणं पक्की केली. थोडा वेळ लागला, कारण दोरा सुईत जात नव्हता. डोळे आजकाल पाणावतात. धूर असतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेली. वर्ध्याहून गाडी होती. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी स्टेशनवर गेले नाही. दुखत होतेच. ओट्यावरून हात केला. बस वळेपर्यंत तिनं मान बाहेर काढून ठेवली होती. मी ओरडले, मान आत घे. ऐकलं की नाही माहीत नाही.

मी अडवलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी अकरा.

शेजारचे अण्णाजी चहाला आले. शाळामास्तर होते, कागद दिसला की वाचतात. मी सवयीनं त्यांना खाटेवरचा गुळगुळीत कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. स्वतःचं आणायचं : बूट, मोजे, साबण, ताट, वाटी. संस्थेकडून मिळणार : दोर, तंबू, झोपायची पिशवी, जॅकेट.

मी म्हटलं, अण्णाजी, शेवटचं पुन्हा वाचा.

जॅकेट, अन्नपूर्णाबाई. सगळ्यायले सारखं. कोर्स झाला की परत द्या लागते.

पाच तारखेपासून तो कागद माझ्या उशाशी होता. मी त्याखाली झोपत होते. त्याच्यावरची धूळ मी पुसत होते.

नंदिनीला बोलावलं. ती दारात उभी राहून बोटाला पदर गुंडाळत होती. म्हणाली, आई, जागृती म्हणे, आजी सरळ नको म्हणाली तर मले जाववत नाई. तिले कंपन्यायच्या मागं लावून ठेव, तिचा जीव रमते. माझं मनातलं फक्त या वहीत होतं. विचारलं, ही वही तिला कोण वाचून दाखवत होतं? तर म्हणते, मी नाई, ती स्वतःच वाचे. मी फक्त धरत होती.

म्हणजे मी तिला महिनाभर गुंतवून ठेवलं, आणि ती मला.

अण्णाजींनी दुसरा कप चहा मागितला नाही. समजदार माणूस.

३० नोव्हेंबर, रविवार

खाटेच्या पायथ्याशी वाकळेखाली काही जाड लागत होतं. नत्थूचा कोट. इथंच ठेवून गेली. दोन रात्री माझ्या लक्षात आलं नाही. नंदिनीला फोनवर म्हणाली म्हणे, तिथं जॅकेट आहे, आजीच्या पायाले काय आहे?

उद्धट पोरगी. आजपासून वही बंद.

३ डिसेंबर, बुधवार. दुपारी दोन.

एवढ्यापुरती वही उघडली.

फोटो आला. मागं बर्फ, जागृती निळ्या जॅकेटात, दात दाखवते आहे. जॅकेटच्या छातीवर चिन्ह दिसत होतं. मी नंदिनीला मोठं करायला लावलं. बकरी.

सर्वांत आधी नापास केलेली. तरी नोंद करते की फेरतपासणीत बकरीवालीला पास केलं आहे. एकच जॅकेट दर वर्षी वेगळी पोरं घालतात, म्हणजे अठ्ठावीस बाटल्या पुष्कळ जणांच्या कामी येतात. हा रकाना मला आधी सुचायला हवा होता. पोछा होत नाही, तो एक गुण कापला.

कोट पायांवर घेते. ऊब आहे. पण पायांना पाय लागले की जशी असते तशी नाही.

हे नको लिहू, नंदिनी.

नंदिनीला आजचं पान वाचून दाखवायला लावलं. तिनं सावकाश, एकेक ओळ वाचली. पायांचं त्यात काही नव्हतं. म्हणजे लिहिलं नाही.