बिनकडीचा शिरपट्टा

थीब्स, उन्हाळ्याचा दुसरा महिना

चि. पाशेद यास ताईचे आशीर्वाद.

अमुनच्या कृपेनं बाबा बरे, मी बरी, गाढव लंगडतंय. तू तिकडे मेम्फिसच्या मोठ्या कारखान्यात मजेत असशीलच. असायलाच हवास, निस्तरायला मी आहे ना इथे!

आता बाबांचा प्रताप ऐक. धान्यकोठाराच्या कारकुनाची मुलगी लग्न होऊन नवऱ्याघरी जायची आहे. तिच्या शिरपट्ट्यासाठी कारकुनानं घरचं सोनं बाबांना तोलून दिलं. बाबांनी मला भट्टीपाशी फिरकूसुद्धा दिलं नाही. काल नवरीची आई, मेरित, पट्टा न्यायला आली. बघते तर पत्रा कांद्याच्या सालीसारखा पातळ आणि मागे अडकवायला कडीच नाही! बाईनं गल्ली डोक्यावर घेतली. "माझ्या पोरीला सासरी धाडताय की थडग्यात?"

तिचं तरी काय चुकलं? कडी जिवंत माणसाला लागते. ज्याला मान वळवायची नाही, त्याचाच पट्टा असा करतात. उरलेलं सोनं पेटीत जसंच्या तसं सापडलं, म्हणून चोरीचा आळ तेवढा टळला.

मी म्हटलं, "बाबा, आणा इकडे, वितळवून नवा करू."

"हा त्या पोरीचा नाहीच," म्हणाले.

"मग कुणाचा?"

तर माझ्याकडे असे बघतात, जणू मीच खुळी! पट्टा मांडीवर घेऊन बसलेत, जेवायला उठत नाहीत. पौर्णिमेपर्यंत सोनं परत गेलं नाही, तर कारकून त्यांच्या पाठीवर काठ्या हाणल्याशिवाय राहायचा नाही. वैताग आलाय मला. माझं ऐकतील तर शपथ! तू लाडोबा, तुझंच ऐकतात.

लिहायचं खापर भरत आलं. एवढा कोपरा उरलाय, तेव्हा आता लिहायलाच हवं.

पाशेद, आई गेली. तापानं. बाबांनी तुला कळवू दिलं नाही. "तो येईल तेव्हा तीच दार उघडेल," म्हणतात. ती अजून मिठात आहे, देहाला तागाच्या पट्ट्या गुंडाळायच्या राहिल्यात. जन्मभर त्यांनी परक्या बायकांची डोकी सोन्यानं मढवली, तिच्या डोक्यावर सणाला कमळ तेवढं असायचं.

त्यांचा डोळा लागला तेव्हा मी पट्टा दोरीनं मोजला. नवरीच्या केसांच्या टोपावर तो बसलाच नसता. आईच्या डोक्याचं माप आहे ते.

त्यांच्या हातून तो मला ओढून घेववत नाही रे. तू ये. धक्क्यावर उतरलास की कमळं घे. सोनं परत गेलं की ती कमळंच बाबांच्या हातून आईला बांधून घेऊ.

आईच्या जागी आता दार उघडणारी,
तुझी ताई बाकेत