रेडिएटर मीच बदलणार

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
गाडीखाली हिरवं डबकं. बशीएवढं. बोट बुडवून वास घेतला. गोडसर. म्हणजे कूलंट. गाडी डिझेल, वय सतरा, आजवर कुरकुर नाही. घाबरण्यासारखं काहीच नाही. एकतीस वर्षं शाळेत उष्णता आणि दाब शिकवतोय. शाळेत चालत गेलो. व्यायाम होतो.

संध्याकाळी ५.४०
डबकं ताटाएवढं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी मिस्त्रीकडे नेली. अंतर दोन किलोमीटर. तापमानाचा काटा निम्म्यावरच होता, तरी खबरदारी म्हणून तीनदा थांबलो. मागच्यांनी हॉर्न वाजवले. वाजवू देत.

मिस्त्रीने टॉर्च मारला. रेडिएटरची टाकी जोडावर चिरलीय, नवाच टाकावा लागेल म्हणाला. नाही टाकला तर, असं मी केवळ माहितीसाठी विचारलं. घाटात इंजिन तापेल, जाम होईल, आणि तुम्ही रस्त्यावर, म्हणाला. चहा पिता पिता म्हणाला हे. वर सतरा तारखेपर्यंत त्याला फुरसत नाही.

आम्हाला पंधराला सासऱ्यांना आणायचंय. घाटापलीकडे एकटेच असतात. अठराला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. बसचा प्रवास नको असं डॉक्टरांनी बजावलंय. ज्या माणसाने बत्तीस वर्षं बस चालवली त्याला!

जेवताना ही म्हणाली, भाड्याची गाडी करू. मी म्हणालो, कशाला, रेडिएटर मीच बदलणार. तोंडातून गेलं. हिने हातातला घास हातातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि फोन लावून बाबांना सांगूनही टाकलं. आता माघार नाही. घ्यायचीही नाहीये.

६ नोव्हेंबर, गुरुवार
निश्चय: रोज एक तास अभ्यास, मग कृती. आज सात व्हिडिओ पाहिले. सहाव्यात एक माणूस गरम रेडिएटरचं झाकण उघडतो आणि उकळतं पाणी पार छतापर्यंत उडतं. सातवा म्हणजे तोच, पुन्हा पाहिला.

८ नोव्हेंबर, शनिवार
नवा रेडिएटर आणला. देखणा आहे. पलंगाखाली ठेवला. ही म्हणाली, तो गाडीत बसवायचा असतो. मी म्हणालो, इंजिन पूर्ण थंड व्हायला हवं. ही म्हणाली, गाडी मंगळवारपासून बंद आहे. पण डिझेल इंजिन उष्णता धरून ठेवतं. पोस्टात काम करणाऱ्या बाईला हे कसं समजावणार?

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.३०
प्रारंभ. पोशाख: हेल्मेट, हिवाळी कोट, भांडी घासायचे रबरी हातमोजे. झाकणावर ओलं फडकं टाकलं, डोळे मिटले, हात लांब करून ते पाव फेरा फिरवलं.

फुस्ससुद्धा झालं नाही.

समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी विचारलं, मधमाश्या आहेत का? हो म्हणालो.

दुपारी १२
खालचा पाईप सोडवला. जुनं कूलंट टबात गेलं, थोडं बाहीत. बॅटरीची वायर आधीच काढली होती. तरी पंख्याजवळ हात नेला की तो आपणहून फिरेल असं वाटत राहिलं. काम थांबवून बोटं मोजली. दहा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
एसीची जाळी रेडिएटरला बोल्टने जोडलेली आहे. हे व्हिडिओत नव्हतं. एक बोल्ट गंजलेला. जोर लावला आणि तुटला तर? तुटून डोळ्यात गेला तर? पाना हातात धरून पाऊण तास विचार केला. ही पोस्टातून आली, पर्स खांद्याला तशीच, पाना घेतला आणि बोल्ट फिरवला. मी सैल करून ठेवलाच होता.

जुना रेडिएटर बाहेर आला. गाडीचं तोंड दात काढल्यासारखं दिसतंय. चार दिवस उरलेत. झोप येत नाहीये. जेवणात तेल जास्त होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बसला! नवा रेडिएटर खालच्या रबरांवर अलगद बसला. पंखा लावला, पाईप लावले, क्लिपा आवळल्या. प्रत्येक क्लिप चारदा तपासली. आत हवा अडकू नये म्हणून पाईप दाबत दाबत कूलंट भरलं. बॅटरी जोडली. आता फक्त स्टार्ट करायची. उद्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
किल्ली लावली. फिरवणार इतक्यात काहीतरी चुरचुर आवाज आला. उतरून शोधला. सापडला नाही. परत बसलो. परत आला. तासाभराने ही खाली आली, बाजूला सरका म्हणाली, आणि स्टार्ट केली.

वीस मिनिटं इंजिन चालू. मी जिन्याच्या खांबाआडून निरीक्षण केलं. दुरून गळती स्पष्ट दिसते. मध्येच घर्र झालं. पंखा लागला होता. तो लागायलाच हवा असतो. मी किंचाळलो असं हिचं म्हणणं.

एक थेंब गळला नाही. एक थेंब नाही! आणि हे मी केलंय, या हातांनी. सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, शाब्बास जावईबापू, आता तुमच्याच भरवशावर येतो. फोन ठेवल्यावर जिना तीनदा चढलो-उतरलो. आनंदाने.

१६ नोव्हेंबर, रविवार
कालचं आज लिहितोय.

गाडी हिने चालवली. मला काट्यावर लक्ष ठेवायचं होतं. जाताना घाट चढलो, काटा हलला नाही. सासरे फार वाळलेत. त्यांना पुढे बसवलं, कमरेमागे उशी दिली. मी मागे, दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून, काट्यासमोर.

परत येताना उतारावर एका वळणावर काचेपुढे पांढरा धूर आला. जळका वास. मी ओरडलो, थांबव! हिने गाडी कडेला घेतली.

पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा रस्त्याकडेच्या दगडी कठड्यामागे उकिडवा बसलो होतो, दोन्ही हात कानांवर. गाडी चाळीस पावलं मागे. गाडीत हृदयाचा पेशंट, आणि त्याची मुलगी.

ही शांतपणे उतरली. बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, बंद केलं. धूर आमच्या पुढच्या ट्रकचा होता. त्याचे ब्रेक तापले होते. ट्रक केव्हाच निघून गेला. सासऱ्यांनी काचेतून हात हलवून मला बोलावलं.

मी म्हणालो, मदत बघायला गेलो होतो. हिने गाडी सुरू केली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी विचारलं, कुठे लागलं नाही ना? घरी येईपर्यंत मी काट्याकडे पाहिलं नाही. बाहेर झाडं बघत बसलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ही सकाळी बाबांना तपासण्यांसाठी हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. तुम्ही शाळेत जा म्हणाली.

संध्याकाळी मी विषय काढला. परवाचं प्रतिक्षिप्त क्रियेचं शास्त्र समजावू लागलो. हिने मध्येच थांबवलं. म्हणाली, घाबरलात त्याचं काही नाही हो. रेडिएटरही चांगला बसवलात. पण उतरून जाताना गाडीचं दार सताड उघडं टाकून गेलात. बाबांना वारा लागत होता.

खाली जाऊन ते दार दोनदा लावून पाहिलं. नीट लागतं.