गेव्याची फांदी मी मोडली होती

प्रिय नलूताई,

काल तुमची शोकसभा झाली. मुख्य भाषण माझं होतं. वीस मिनिटं बोलले, आणि जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून सगळं बोलले. घरी आले ती पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता बसून राहिले. फार थकलेय हो ताई. म्हणून लिहितेय.

तुम्ही ठाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचात, मी डोंबिवलीच्या शाळेत भूगोल. ऐंशीच्या सुमारास तुमच्या निसर्ग मंडळाच्या रविवारच्या फेरीला पहिल्यांदा आले, ती येऊरच्या जंगलात चक्क चपला घालून! तुम्ही हसला नाहीत. "पुढच्या वेळी बूट," एवढंच. मग चार वर्षं तुमच्या मागे मागे फिरून झाडं शिकले. पान चुरगळून वास घ्यायला तुम्हीच शिकवलंत ना?

तो बाळकुमच्या खाडीवरचा रविवार. तुम्हाला ताप होता, म्हणून फेरी मी नेणार होते. आदल्या संध्याकाळी तुमच्या पलंगाशी बसून मी सगळं टिपून घेतलं.

"वसुधा, खारफुटीत गेवा दिसेल, तो लांबूनच दाखव. त्याचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो. फांदी मोडायची नाही."

"नाही मोडणार, ताई."

मोडली. का मोडली? पंचवीस माणसं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून! पांढरा चीक नीट बघायला आपल्या फेरीतले प्रधानकाका पुढे वाकले, आणि माझ्या हातातली फांदी उसळली. काका डोळा धरून खालीच बसले.

मी नुसती उभी. बांधावर मासळी वाळत घालणारी एक कोळीण धावत आली. "चोलू नको दादा, डोला चोलू नको! पानी वता, पानी!" सगळ्यांच्या बाटल्या तिनेच त्यांच्या डोळ्यावर रिकाम्या केल्या. तिचं नावही मी विचारलं नाही.

काकांचा डोळा वाचला, पण त्याला कायमचं धूसर दिसू लागलं. मंडळाची बैठक बसली. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात, "वसुधाला गेव्याबद्दल सांगायचं मी विसरले. चूक माझी." मी तुमच्याकडे बघतच राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

का केलंत असं? मी नवी होते, लोक पुन्हा माझ्याबरोबर आले नसते, हे खरं. पण मला एकदा विचारायचं तरी! तुमची वाचनालयातली व्याख्यानमाला रद्द झाली. वर्षभर जमवलेल्या स्लाइड्स डब्यातच राहिल्या. फेऱ्या माझ्याकडे आल्या. आणि तुम्ही दर रविवारी रांगेच्या शेवटी, हातात वही घेऊन, एखाद्या नवख्या बाईसारख्या! मी एखादं नाव चुकले तर चारचौघांत कधी टोकलं नाहीत, परतीच्या बसमध्ये हळूच सांगायचात. त्याचाच जास्त त्रास व्हायचा, सांगू? रागावला असतात तर मी मोकळी झाले असते.

एकदा मी विषय काढला होता. "ताई, मंडळाला खरं काय ते सांगू का?"

"सांगायचं असेल तर मला विचारू नकोस," तुम्ही म्हणालात. मी ते सोयीस्करपणे 'नको' असं ऐकलं.

त्या रविवाराला दहा वर्षं झाली. घोडबंदर रोडची आपली निम्मी झाडं गेली, माझे गुडघे गेले. ती गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही.

काल सभेनंतर प्रधानकाका काठी टेकत जवळ आले. "बाई थोर होत्या. त्या एका दिवशी तेवढ्या चुकल्या. मी कधी मनात धरलं नाही हो." आणि ताई, मी मान हलवली. तुम्ही गेल्यावरही!

रात्रभर डोळा लागला नाही. येत्या रविवारी माणसं जमली की झाडांच्या आधी हेच सांगणार आहे. पण त्यांच्या आधी काकांना. आज सकाळी त्यांना फोन केला, उद्या तुमच्या घरी कळव्याला येतेय म्हटलं. बिचारे खूश झाले. "या की, चहालाच या."

चहाचं आधण ठेवायच्या आधी सांगेन, ताई. मग त्यांनी चहा दिला नाही तरी चालेल. शब्द देते.

तुमची,
वसुधा