चँडलरची सतरा रोपं

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१० मार्च १९९६

चि. यशोधनास दिनकरकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? भक्तीचा खोकला गेला का? सलोनीला दात आले म्हणे, चावते का तुला? तुझ्या काकूचा गुडघा थंडीबरोबर निवला. मी ठणठणीत.

स्ट्रॉबेरीचं विचारलंस ते लिहितो. क्वार्टरमागे चँडलर आणि सेल्वा, दोन्ही जातींची चाळीस-चाळीस रोपं लावली होती. सेल्वाची सहा बुडखा कुजून गेली. फळ लहान, आंबूस. चँडलरची चाळीसच्या चाळीस उभी आहेत. फळं दुप्पट, आणि गोडी अशी की मोजायच्या आधीच काकू चार खाऊन बसते. शिकलेले काही म्हणोत, मी रोज बघितलंय. डोळे मिटून चँडलर लाव. नोकरी सोडू का विचारतोस. भक्ती घाबरते हे खरं, पण मी म्हणेन, चलो, सोड!

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा काका

सोहना रोड, गुडगाव
४ डिसेंबर १९९६

ती. काकांस सा. न. वि. वि.

काकूंचा गुडघा कसा आहे? इथे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दोन एकर चँडलरपैकी निम्मी गेली. रोप उपटलं की बुडखा आतून तांबूस, कुजका. शेजाऱ्याची सेल्वा मात्र उभी आहे. ऑफिसातला मित्र विश्वास येऊन गेला. माझ्या खुर्चीवर दुसरा बसला म्हणाला. भक्ती मेलेली रोपं मोजून वहीत लिहिते, तेच जास्त लागतं.

तुमच्याकडे एकही रोप मेलं नाही, हे बिल्कुल खरं होतं का, एवढं कळवा. सध्या इकडे येऊ नका.

आपला,
यशोधन

आर. के. पुरम
९ डिसेंबर १९९६

चि. यशोधनास आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या सतरा रोपांचं त्याला कळवलं होतंत ना? नव्हतं कळवलं.

चँडलरची जास्तीची रोपं मी कुंड्यांत राखली होती. वाफ्यात एखादं मेलं की त्या जागी दुसरं बसवायचो, अशी सतरा बदलली. छावणीच्या बागेत तीस वर्षं हेच केलं. साहेब फेरीला यायच्या आत नांगी, म्हणजे मेलेल्या रोपाची जागा, भरलेली हवी. रिकामी जागा बघवतच नाही. सेल्वाची जास्तीची रोपं नव्हती, म्हणून तिची मेलेली तेवढी दिसली. मार्चमध्ये मी उभी रोपं मोजली आणि तुला लिहून मोकळा झालो. फसवायचं मनातही नव्हतं रे, पण त्याने तुझं एक रोप उठत नाही.

हे पत्र भक्तीला दाखव. तिचं न ऐकता तुला नोकरी सोडायला लावणारा मी, हे तिला नीट कळू दे.

येऊ नका म्हणालास, नाही येत. पोस्टमन आला की काकू दाराशी जाते, मी आतच बसतो. रागाच्या का होईना, चार ओळी टाक. लवकर लिही.

काका