दोघांच्या डावातलं ‘बघू’

मंगळवार, दुपारची सुट्टी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं ते शाळेत घोकून घेतलं होतं, त्यातलं ‘विनंती विशेष’ एवढंच डोक्यात राहिलंय. विनंती पुढे येईल. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? पायरी चढताना अजून कपाटाला धरतोस का?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. इथे फोन करायचा तर लॉन्ड्रीच्या मागच्या दारात उभं राहावं लागतं आणि तिथे वाफेचा पाइप सारखा फुसफुसतो. हे एक कारण. दुसरं नंतर.

हॉटेलची लॉन्ड्री म्हणजे काय ते तुला नीट सांगितलंच नाही मी. दिवसभर चादरी. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, मग चालत एकमेकींसमोर यायचं आणि टोकं एकीच्या हातात द्यायची. माझ्या समोर असते ती बाई वयाने मावशीएवढी. तिला सगळे बॉयलर म्हणतात. सकाळी तापायला वेळ लागतो आणि एकदा तापली की कुणी जवळ जात नाही. मला मात्र ती डब्यातलं अर्धं देते आणि वर ऐकवते, ‘खा, नाहीतर चादरीबरोबर तुलाच घडी घालून ठेवीन.’

चादरींत काय काय निघतं. जोडी हरवलेले मोजे, कंगवे, एकदा तर कवळी. परवा एक चष्मा निघाला. मी काच डोळ्यापुढे धरून डावीकडे सरकवली, तर तिच्यातून दिसणारं दारही डावीकडेच सरकलं. म्हटलं, उणे नंबर, तीनच्या आसपास. बॉयलर म्हणाली, ‘तू काय डॉक्टरीण आहेस?’

म्हटलं, ‘नाही, चष्मेवाल्या मामाची भाची आहे.’

हे सांगायचं नव्हतं. भरकटले. मुद्दा पत्त्यांचा आहे.

दुपारच्या सुट्टीत आम्ही सहाजण पोकर खेळायचो. मशीनच्या जाळीत अडकलेली शर्टांची बटणं लावायची, हरलं-जिंकलं सगळं डब्यात परत. मग चौघांची पाळी बदलली आणि मी आणि बॉयलर दोघीच उरलो. सहाजणांत ती बरी खेळायची. चांगली पानं येईपर्यंत ‘पॅक’ म्हणून डाव सोडत बसायची आणि आली की घसघशीत ओढायची. दोघींतही तिने तेच केलं. पण दोघींत दर डावाला एकीने लहान आणि एकीने मोठं ब्लाइंड, म्हणजे सक्तीची बटणं, टाकायचंच असतं, पानं बघायच्या आधी. तिचं पॅक, पॅक, पॅक चाललेलं, आणि सुट्टी संपायच्या आत तिच्यापुढे एक बटण शिल्लक नाही.

‘माझं चुकलं कुठे?’ ती तापलीच. ‘एकदा तरी वाईट पानांवर खेळले का मी?’

‘तेच तर.’

‘तेच काय?’

‘अहो, दोघींत चांगल्या पानांची वाट बघायची नसते. एक्का आला की सोबत कसलंही चिल्लर पान असू दे, खेळायचं. राजा आला तरी खेळायचं. दुर्रीची जोडी म्हणजे तर सोनं. समोर एकच माणूस आहे आणि बहुतेक वेळा त्याच्याकडेही काही नसतं. जो आधी बटणं सरकवतो तो विचारतो, समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. वाट बघणारा नुसता झिजतो.’

‘एवढं कळतं,’ ती बटणं डब्यात ओतत म्हणाली, ‘तर इथे चादरी का वाळवतेस?’

शेजारी इस्त्री करणारे हसले, मीही हसले. मग चादर धरली आणि माझं टोक हातातून सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. बॉयलरने ते उचलून माझ्या मुठीत कोंबलं.

मामा, हे सगळं तुझंच आहे ना. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा काउंटरवर कापड पसरून आपण बसायचो. जुन्या चष्म्यांच्या काढून ठेवलेल्या काचा लावायचो. पातळ काच एक, जाड काच दहा, गॉगलची काळी काच पन्नास. आई गेल्यावर तू मला घेऊन आलास तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते, आणि तूही बोलणारा नव्हतास. तू पत्ते काढलेस. दोघांच्या डावात दर वेळी काहीतरी म्हणावंच लागतं. अशी मी बोलायला लागले आणि मग थांबलेच नाही, असं मावशी म्हणते.

चांगली पानं आली की तू चष्मा काढून पुसायचास. ती खूण पकडली म्हणून मी आठवडाभर मिरवले. मग एक दिवस तू चष्मा पुसलास, मी घाबरून पॅक केलं, आणि तू पानं उलटलीस तर सत्ती आणि तिर्री. जोडी नाही, रंग नाही. तेव्हा तू जे हसलास ते मला इथे अधूनमधून ऐकू येतं. मशीन थांबताना एक आवाज येतो, त्यात.

काही न लावता पाळी पुढच्याला द्यायची झाली की लोक ‘चेक’ म्हणतात. आपण ‘बघू’ म्हणायचो. तुझ्या तोंडी दिवसभर तेच असायचं. बघू डोळा, बघू नंबर, वर बघा, खाली बघा. ‘बघू’ म्हणजे माझं आत्ता काही नाही, आता तू बोल. जगात सगळीकडे असंच म्हणतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पहिल्यांदा बाहेरच्यांत खेळायला बसले आणि ‘बघू’ म्हणाले तर समोरचा आपली पानं छातीशी धरून म्हणाला, ‘का दाखवू?’

आता आपल्या गेल्या आठवड्यातल्या फोनचं.

तू म्हणालास, ‘दुकान आणि मागची खोली सोडावी म्हणतो. मावशी तिकडे बोलावतेय. तू काय म्हणतेस?’

मी म्हणाले, ‘बघू.’

थोडा वेळ पाइप फुसफुसत होता. मग तू म्हणालास, ‘बरं. मीही बघू म्हणतो.’ आणि जेवलीस का विचारलंस.

मला वाटलं, तुझं ठरलंय आणि तू नुसतं कळवतोयस. तुला वाटलं असेल, हिला काही फरक पडत नाही. रविवारी मावशीचा फोन आला. म्हणाली, ‘त्याला विचारलं तर म्हणतो, तिने बघू म्हटलंय. मग तुझं काय रे, तर म्हणतो, मीही बघूच म्हटलंय. अगं, तुम्ही दोघं मिळून बघताय तरी काय, ते मला सांगा. इथे मी त्याच्यासाठी कपाट रिकामं करून बसलेय.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘चष्म्यांच्या फ्रेम्स खोक्यांत भरायला लागलाय. तुझी खुर्ची मात्र भरत नाही, देतही नाही.’

त्यानंतर मला कळलं. तू मला विचारत होतास. आणि मी घरातल्या भाषेत सांगितलं, माझं काही नाही, तू बोल. तूही तेच सांगितलंस. दोघांनी बघू म्हटलं आणि कुणीच काही लावलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी ‘बघू’वर निदान भांडण तरी झालं असतं.

पत्राचं दुसरं कारण हे. फोनवर तू गप्प झालास की मी काहीतरी चिवचिवते. मजेत आहे, नवीन गाव, नवीन माणसं, एका जागी बसणं मला जमत नाही, तुला माहीतच आहे. कागदावर तू गप्प आहेस की नाही ते दिसत नाही, म्हणून लिहिता येतं.

शेवटच्या फेरीतही दोघांनी बघू म्हटलं तर आधी पानं कुणी उघडायची? जो आधी बोलला त्याने. नियम तुझाच आहे. आधी मी बोलले.

तर हे बघ. माझ्याकडे फारसं काही नाही. चादरीची घडी येते, चार गावांचे रस्ते माहीत आहेत, एकाही कामाचा दाखला नाही. प्रत्येक नव्या खोलीत पहिल्या दिवशी मी पलंग भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे ते बघते, आणि तो आपल्या मागच्या खोलीतल्यासारखा नसला तर सरकवते. सरकवल्यावरही तसं होत नाही. मला घरी यायचंय. पाहुणी म्हणून नाही, दोन दिवस नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायचंय. काच घासायला शिकव, मी फोडीन, तू रागाव.

माझ्या पायांना पुन्हा भिंगरी लागणार नाही असं वचन देत नाही. ते खोटं होईल आणि तुला कळेल.

विनंती विशेष ही, की जागा सोडू नकोस. पण तू शब्द देऊन टाकला असशील, किल्ली गेली असेल, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि माझ्यापासून लपवूही नकोस. मी जागेसाठी येत नाहीये. मावशीकडे असशील तर मावशीकडे येते, तिच्या दिवाणखान्यात झोपते, तिची बोलणी खाते. बॉयलरला आज सकाळी सांगितलं. तिने टॉवेलांचा गठ्ठा माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, ‘शनिवारपर्यंतचं काम करून जा, फुकट नाही सोडणार.’ म्हणजे रविवारी निघते.

कुठे उतरू ते तेवढं कळव. नाही कळवलंस तर आधी दुकानाशी येईन, आणि शटर बंद असेल तर शेजारच्यांना विचारत विचारत येईन.

तू जिथे असशील तिथे यायला निघालेली,
तुझी भाची