ओठात धरलेला इस्क्रू

बा, दोन राती झाल्या, डोळ्याले डोळा नाही. तुह्या नातीनं इस्क्रू गिळला. अकरा महिन्याची हाये, तिच्या जन्माआधीच तू देवाघरी गेला, पाह्यलीच नाही तिले. मी तिच्या पोटावर हात ठिवून बसून राह्यते.

मानोऱ्यात आमचं फोटोचं दुकान हाये, मागच्या खोलीत आमी राह्यतो. पोट्टीचा बाप पुण्याले कामाले गेला, त लग्नाचे अल्बम मीच करते. कॉम्प्युटर लय अडकून राह्यला व्हता, म्हणून त्यानं ग्राफिक कार्ड धाडलं. फोनवर म्हणे, "डब्बा उघड, जुनं काढ, नवं दाब. एका इस्क्रूचं काम हाये." तोच इस्क्रू निघना. पेचकस घसरू घसरू त्याचं डोकं गोल झालं. मंग मले तू आठवला. इंझोरीच्या तुह्या सायकलच्या दुकानात असा इस्क्रू आला का तू ट्यूबचा तुकडा मधात ठिवे, वरून जोर दे, सावकाश फिरवे. माह्यापाशी ट्यूब कुठची? पोट्टीचा फुटका फुगा घेतला. अन फिरला, बा! मले येवढा आनंद झाला.

दोनी हात कार्डात गुतले व्हते, म्हणून इस्क्रू ओठात धरला. तुह्यावाणी. तू त चार-चार नट ओठात धरून गिऱ्हाइकासंग बोले. एक म्हातारा तुले म्हणे, "एखांद्या दिवशी ढेकर देशीन अन नट पडन." तू ओठ न उघडता म्हणे, "त तोही तुह्याच सायकलले बसवून देतो." मी हासू हासू लोळली. मंग मीबी चाकातला एक लोखंडी छर्रा तोंडात ठिवला, त तू कानाखाली देली. सगळ्या जन्मात तेवढी एकच. "माह्ये दात पक्के हायेत, तुह्ये दुधाचे," म्हणे. संध्याकाळी तू जिलेबी आणली. मी रुसून खाल्ली नाही. ते आता आठवते.

पोट्टी समोर बसून माह्या तोंडाकडंच पाहून राह्यली व्हती. तिच्या बापाचा फोन वाजला. मी इस्क्रू तोंडातून काढून स्टुलावर ठिवला अन सांगाले लागली, "कार्ड बसलं, बसलं!" वळून पाह्यलं त पोट्टीनं माह्यासारखेच ओठ दाबून धरले व्हते. मी जोरात वरडली. ते दचकली अन गिळून बसली.

डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला. त्यात इस्क्रू पांढरा, आडवा दिसते. म्हणे, दोन दिवस पाहा, निघून जाते. पोट फुगलं त अकोल्याले न्या. आज सकाळपासून पोट टम्म हाये, दूध घेत नाही. तिचा बाप निघाला, पण त्याले संध्याकाळ होईन. अकोल्याच्या गाडीले अजून अर्धा घंटा हाये. तिले खांद्यावर टाकून लिवून राह्यली.

डॉक्टरले मी सांगितलं का पोट्टीनं स्टुलावरून उचलला. माह्या ओठाचं कोणालेच सांगितलं नाही. तिच्या बापालेबी नाही.

हा कागद तुह्यापर्यंत येत नाही, मले ठाऊक हाये. कॉम्प्युटरवर ठिवून जाते, दुकानाची चावी शेजारी देते. जो कोणी वाचन, त्यानं माह्या भावाले फोन करा. नंबर कॅलेंडरच्या मागं लिवला हाये. मी मनानं लगन केलं तवापासून तो माहा फोन उचलत नाही, तुमचा उचलन. त्याले म्हणा, अकोल्याच्या दवाखान्यात ये. बहिणीसाठी नको येऊ, भाचीसाठी ये.